स्क्रिप्ट ठेवली कुठे, तशी ती चालते

या महिन्याच्या टपालात न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या (चित्रांचे थर जोडून शॉट बनवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या स्क्रिप्ट ठेवण्याबद्दलच एवढी पत्रे आहेत की रोटो आणि कीइंगचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकावे लागले. पत्रे निरनिराळी, पण दुखणे बहुतेकांचे एकच आहे. कोड बरोबर आहे, ठेवायची जागा चुकली आहे.

उत्तरे वाचण्याआधी दोन गोष्टी. न्यूकवाले शॉटच्या एनके फाइललाही ‘स्क्रिप्ट’ म्हणतात आणि पायथनच्या कोडलाही. इथे एनके फाइलला ‘शॉटची फाइल’ म्हटले आहे. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे फक्त पायथन. दुसरे, कोड या सदराच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापला आहे, टाइप मात्र रोमन लिपीत करायचा. न्यूकच्या बहुतेक आज्ञांत पहिला शब्द लहान अक्षराने सुरू होतो आणि जोडून आलेला पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने, मध्ये जागा नाही. ट्रू आणि फॉल्स यांचे पहिले अक्षर मोठे. हे चुकले तर पायथन समजून घेत नाही.

प्रश्न : जड कॉम्पमध्ये सगळ्या नोडवरचे (शॉटमध्ये एकेक काम करणाऱ्या चौकटींवरचे) पोस्टेज स्टॅम्प, म्हणजे छोटी चित्रे, बंद करायला मी चार-पाच ओळींची स्क्रिप्ट केली आहे. रोज सकाळी नोटपॅडमधून उचलून स्क्रिप्ट एडिटरमध्ये पेस्ट करतो. ती मेनूत कायमची कशी बसवायची? (वाचक, पुणे)

स्क्रिप्ट एडिटर ही कच्ची वही आहे. खालच्या भागात लिहायचे, कंट्रोल-एंटर दाबायचे (मॅकवर कमांड-एंटर), वर निकाल बघायचा. त्यात एक खोच आहे: मजकुराचा काही भाग निवडलेला असेल तर तेवढाच चालतो. ‘काल चालत होती, आज अर्धीच चालली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

पक्की जागा म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधले ‘.न्यूक’ नावाचे फोल्डर, नावाच्या सुरुवातीच्या टिंबासकट. विंडोजवर ते सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये तुमच्या नावाखाली असते. मॅकवर टिंबाने सुरू होणारी फोल्डरे लपलेली असतात. फाइंडरमध्ये कमांड-शिफ्ट-टिंब दाबले की दिसतात. विंडोजवर कोणी ‘होम’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम वाचतात अशी सिस्टिममधली नोंद) लावून ठेवला असेल तर न्यूक त्या जागी बघतो, आणि तुम्ही यूजर्समधल्या फोल्डरमध्ये कितीही बदल केलेत तरी काही होत नाही. म्हणून आधी स्क्रिप्ट एडिटरमध्ये एक ओळ चालवा:

प्रिंट(न्यूक.प्लगइनपाथ())

जी यादी येईल त्याच जागा न्यूक वाचतो. तुमचे फोल्डर यादीत नसेल तर पुढचे सगळे कष्ट वाया.

आता ‘.न्यूक’मध्ये दोन फाइली करायच्या. पहिली ‘स्टॅम्प.पीवाय’, यात तुमचे काम एका फंक्शनमध्ये:

इम्पोर्ट न्यूक
डेफ स्टॅम्पबंद():
    फॉर एन इन न्यूक.ऑलनोड्स():
        इफ 'पोस्टेज_स्टॅम्प' इन एन.नॉब्ज():
            एन['पोस्टेज_स्टॅम्प'].सेटव्हॅल्यू(फॉल्स)

इफची ओळ गाळू नका. हा नॉब (नोडचे एक सेटिंग) प्रत्येक नोडला असेलच असे नाही. नसलेल्या नोडपाशी नेम एरर येऊन लूप तिथेच थांबतो आणि निम्मे स्टॅम्प तसेच राहतात. ग्रुपच्या आतले नोडही हवे असतील तर ऑलनोड्सच्या कंसात ‘रिकर्सग्रुप्स=ट्रू’ लिहा, एरवी तो वरच्या पातळीवरचेच नोड देतो.

दुसरी फाइल ‘मेनू.पीवाय’. ती आधीच असेल तर तिच्याच शेवटी या दोन ओळी जोडा:

इम्पोर्ट स्टॅम्प
न्यूक.मेनू('न्यूक').अ‍ॅडकमांड('हत्यारे/स्टॅम्प बंद', 'स्टॅम्प.स्टॅम्पबंद()')

न्यूक बंद करून पुन्हा उघडा. वरच्या पट्टीत ‘हत्यारे’ हा मेनू दिसेल. ‘हत्यारे’च्या पुढची तिरकी रेघ म्हणजे उपमेनू, ती दिली नाही तर तुमची आज्ञा फाइल, एडिटच्या शेजारी एकटीच लटकते.

दुसऱ्या ओळीतली अवतरणे नीट बघा. अवतरणातल्या ‘न्यूक’चे पहिले अक्षर मोठे. आज्ञा अवतरणात दिली तर शेवटी कंस हवेत. अवतरणाशिवाय, म्हणजे थेट फंक्शन दिले, तर कंस नकोत. अवतरण काढले आणि कंस तसेच राहिले, तर फंक्शन न्यूक उघडतानाच एकदा चालते, त्या वेळी बंद करायला नोडच नसतात, आणि मेनूतल्या ओळीच्या हाती काहीच उरत नाही. मग ती दाबली तरी काही घडत नाही. नवख्यांचे सगळ्यांत जास्त तास इथे जातात.

आम्ही अवतरणवाली पद्धत सुचवतो त्याला आणखी एक कारण आहे. स्क्रिप्टमध्ये सुधारणा करताना दर वेळी न्यूक बंद-चालू करायला नको म्हणून लोक ‘इम्पोर्टलिब.रीलोड(स्टॅम्प)’ चालवतात. थेट फंक्शन दिलेले असेल तर मेनू जुन्याच फंक्शनला धरून बसतो. अवतरणातली आज्ञा दर वेळी नाव नव्याने शोधते, म्हणून तिला नवे सापडते.

फाइलींच्या नावांबद्दल: विंडोजचे नोटपॅड गुपचूप ‘मेनू.पीवाय.टीएक्सटी’ करून ठेवते आणि एक्सप्लोरर शेवटचा तुकडा लपवतो. व्ह्यूमधून फाइल एक्स्टेन्शन दिसतील असे करा. नावे पूर्ण लहान अक्षरांत ठेवा. लिनक्सला मोठा ‘एम’ आणि लहान ‘एम’ वेगळे वाटतात. आणि स्वतःच्या फाइलला ‘रँडम’, ‘स्ट्रिंग’ किंवा ‘न्यूक’ असे नाव देऊ नका. ती नावे पायथनच्या आणि न्यूकच्या स्वतःच्या मॉड्यूलांची (इम्पोर्ट करायच्या कोडची) आहेत. त्यांच्याऐवजी तुमची फाइल उचलली गेली तर भलतीच जागा मोडते.

प्रश्न : मेनू.पीवायमध्ये एका मित्राने पाठवलेला कोड टाकला. तेव्हापासून न्यूक उघडतच नाही. काळी खिडकी क्षणभर दिसते आणि जाते. पुन्हा इन्स्टॉल करून पाहिले, उपयोग नाही. (वाचक, नाशिक)

इन्स्टॉल करून उपयोग होणार नाही, कारण ‘.न्यूक’ फोल्डर न्यूकच्या इन्स्टॉलेशनचा भाग नाही. ते तुमच्या होममध्ये जसेच्या तसे राहते आणि नवा न्यूकही तीच बिघडलेली फाइल वाचतो.

काळ्या खिडकीत जे येते तेच पाहायचे आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, न्यूकच्या फोल्डरात जा आणि तिथून न्यूक चालवा. आता मजकूर पळून जात नाही. सगळ्यांत खालची ओळ चुकीचा प्रकार सांगते आणि तिच्या जरा वर फाइलचे नाव व ओळीचा आकडा असतो. त्या ओळीत काही दिसले नाही तर तिच्या वरची ओळ बघा. कंस न मिटवल्याची चूक बऱ्याचदा पुढच्या ओळीवर दाखवली जाते.

काम अडले असेल तर न्यूकच्या नावापुढे दोन आडव्या रेघा आणि ‘सेफ’ असे देऊन चालवा. त्या वेळी न्यूक तुमच्या स्क्रिप्ट आणि प्लगइन वाचत नाही, म्हणून उघडतो. सेफमध्येही उघडला नाही तर खोट दुसरीकडे आहे.

मित्राचा कोड व्हॉट्सॲपवरून आला असेल तर संशयितांची यादी छोटी आहे. ओळींच्या सुरुवातीच्या जागा गेलेल्या असतात आणि पायथनला त्या जागांवरूनच कुठली ओळ कोणाच्या पोटात आहे ते कळते. सरळ अवतरणांची वळणदार अवतरणे झालेली असतात. दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर असलेला शब्द तिरका होतो आणि अंडरस्कोअर गायब होतात. कोड नेहमी फाइल म्हणून पाठवायला सांगा, मजकूर म्हणून नको.

याखेरीज टॅब आणि स्पेस यांची भेसळ. दिसायला ओळी एका रेषेत असतात, पण एक टॅबने सरकवलेली आणि दुसरी चार स्पेसनी. पायथन ३ ‘टॅब एरर’ म्हणून थांबतो. नोटपॅड++ किंवा व्हीएस कोडमध्ये अदृश्य अक्षरे दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा आणि सगळीकडे चार स्पेस करा.

विंडोजच्या पाथमधल्या उलट्या रेघाही घातक. पायथन उलटी रेघ आणि ‘एन’ एकत्र दिसले की नवी ओळ समजतो, ‘टी’ दिसला की टॅब. फोल्डरचे नाव ‘टी’ने सुरू झाले की पाथ मोडलाच. सगळीकडे सरळ तिरकी रेघ वापरा. न्यूकला विंडोजवरही तीच चालते.

प्रश्न : राइट नोडच्या (तयार फ्रेम फाइलींत लिहिणाऱ्या नोडच्या) ‘बिफोर रेंडर’मध्ये मी आउटपुटचे फोल्डर बनवणारे फंक्शन बोलावतो. माझ्या मशीनवर रेंडर होतो, फार्मवर (रेंडर करणाऱ्या मशीनच्या ताफ्यावर) प्रत्येक फ्रेम ‘नेम एरर’ देऊन पडते. दुसऱ्या शॉटमध्ये माझा एक गिझ्मो (अनेक नोड बांधून केलेला स्वतःचा नोड) आहे, तिथे ‘अननोन कमांड’ येते. फार्म सांभाळणारे म्हणतात, चूक तुमची. (कॉम्पोझिटर, गोरेगाव)

फार्मवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण चूक एक नाही, दोन आहेत.

‘.न्यूक’मध्ये दोन खास नावे असतात: ‘इनिट.पीवाय’ आणि ‘मेनू.पीवाय’. इनिट न्यूक दर वेळी वाचतो, खिडकी उघडून चालवा किंवा फार्मवर टर्मिनलमधून. मेनू फक्त खिडकी उघडते तेव्हा वाचला जातो. फार्मवर खिडकी नसते. तुमचे ‘इम्पोर्ट’ मेनू.पीवायमध्ये आहे, म्हणून तुमच्या टेबलावर फंक्शनचे नाव ओळखीचे आणि फार्मवर अनोळखी. शॉटच्या फाइलमध्ये बिफोर रेंडरची ओळ जशीच्या तशी जाते, तिला लागणारे मॉड्यूल मात्र मागे राहते. रेंडरशी संबंध असलेले सगळे इनिटमध्ये. मेनू, बटणे, शॉर्टकट, पॅनेल मेनूमध्ये. इनिटमध्ये चुकून मेनूची ओळ टाकलीत तर फार्मवर तीच आपटेल. टाकावीच लागली तर ‘इफ न्यूक.जीयूआय:’ या अटीखाली टाका. जीयूआयची तिन्ही अक्षरे मोठी.

दुसरी चूक अशी की फार्मच्या मशीनवर तुमचे होम फोल्डरच नाही. इनिटमध्ये हलवले तरी ते इनिट तुमचे खासगी. म्हणून सामायिक गोष्टी सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ठेवतात आणि प्रत्येक मशीनवर ‘न्यूक_पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळी मोठी अक्षरे) त्याचा पत्ता देतात. एकाहून जास्त पत्ते असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम, मॅक-लिनक्सवर विसर्गासारखी दोन टिंबे. विंडोजवर ‘सेटएक्स’ने व्हेरिएबल लावला तर तो फक्त त्यानंतर उघडलेल्या प्रोग्रामना दिसतो, फार्मची सेवा आधीपासून चालू असेल तर ती बंद करून चालू करावी लागते.

पत्ता ‘झेड:’ असा देऊ नका. जोडलेला ड्राइव्ह हा त्या माणसाच्या लॉगिनचा असतो. फार्मची सेवा दुसऱ्याच खात्याखाली चालते आणि तिच्या लेखी झेड नावाचे काही नसते. दोन तिरक्या रेघा, सर्व्हरचे नाव, शेअरचे नाव असा पूर्ण पत्ता द्या. ‘माझ्याकडे दिसते, फार्मला दिसत नाही’ यातला मोठा वाटा याच एका अक्षराचा असतो.

सामायिक फोल्डरच्या आत गिझ्मो, पायथन, आयकॉन अशी उपफोल्डरे करायची असतील तर तिथल्या इनिटमध्ये प्रत्येकासाठी एक ओळ लागते:

न्यूक.प्लगइनअ‍ॅडपाथ('./गिझ्मो')

न्यूक आपण होऊन उपफोल्डरांत शिरत नाही. सुरुवातीचे टिंब म्हणजे ‘ही इनिट फाइल जिथे आहे तिथून’. त्यामुळे पुढे फोल्डर हलवले तरी ओळ बदलावी लागत नाही.

आता गिझ्मो. शॉटच्या फाइलमध्ये गिझ्मोचे फक्त नाव आणि तुम्ही बदललेले नॉब लिहिले जातात, आतले नोड लिहिले जात नाहीत. फाइल उघडताना न्यूक त्या नावाची गिझ्मो फाइल आपल्या यादीतल्या जागांत शोधतो. सापडली नाही की ‘अननोन कमांड’. त्याच संदेशात ‘फाइल खराब झाली असावी’ अशा अर्थाचे शब्द असतात म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. तातडीचा उपाय: तुमच्या मशीनवर गिझ्मोच्या नोड टॅबमध्ये ‘कॉपी टू ग्रुप’ दाबा, येणारा ग्रुप त्याच्या जागी जोडा, मूळ काढून टाका. ग्रुप आतल्या नोडांसकट शॉटच्या फाइलमध्ये राहतो. शॉट दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार असेल तर हेच करून द्या.

गिझ्मोचा फायदा एका जागी सुधारणा होण्यात आहे, आणि तोटाही त्यातच आहे. आज सुधारलात की गेल्या महिन्यात पास झालेला शॉट उद्या पुन्हा रेंडर केला तर वेगळा दिसतो. म्हणून नावातच आवृत्ती ठेवा, ‘ग्रेन_व्ही०२’ अशी, आणि जुनी फाइल काढू नका.

फार्मवर टाकण्याआधी स्वतःच्या मशीनवर फार्मचे सोंग घ्या. ‘.न्यूक’चे नाव तात्पुरते बदला, टर्मिनल उघडा आणि न्यूकला लहान ‘एक्स’चा पर्याय, मग मोठ्या ‘एफ’पुढे १००१-१००१, मग शॉटची फाइल द्या. एकच फ्रेम खिडकीविना रेंडर होईल. जे फार्मवर रात्री दोनला फुटणार ते इथे अर्ध्या मिनिटात फुटते. लहान एक्स सगळे राइट नोड चालवतो; एकच हवा असेल तर मोठा एक्स आणि राइटचे नाव. हे करताना न्यूक रेंडरचे लायसन्स मागतो. तुमच्याकडे फक्त नेहमीचे असेल तर लहान ‘आय’ जोडा.

राहिले तुमचे फंक्शन. ‘फोल्डर नसेल तर बनव’ असे आधी तपासून मग बनवणारा कोड एका मशीनवर चालतो. फार्मवर वीस मशीन एकाच क्षणी तपासतात, विसांनाही फोल्डर नसलेले दिसते, पहिले बनवते आणि मागून येणाऱ्यांना ‘आधीच आहे’ ही एरर मिळते. ‘ओएस.मेकडर्स’ला ‘एक्झिस्ट_ओके=ट्रू’ दिले की तक्रार मिटते. त्याहून सोपे म्हणजे आताच्या न्यूकच्या राइट नोडमध्ये ‘क्रिएट डिरेक्टरीज’ अशी चौकटच आहे. ती टिक करा आणि ही स्क्रिप्ट काढून टाका. जे काम न्यूक स्वतः करतो त्यासाठी स्क्रिप्ट सांभाळण्यात अर्थ नाही.

प्रश्न : स्क्रिप्ट शॉटच्या फाइलमध्येच ठेवता येते का? आमचे शॉट दुसरीकडे जातात आणि तिथे आमचे फोल्डर लावायला कोणी तयार नसते. (वाचक, कोल्हापूर)

येते. नोड ग्राफमध्ये टॅब दाबून ‘नोऑप’ आणा. त्याच्या पॅनेलवर उजवी क्लिक, ‘मॅनेज यूजर नॉब्ज’, ‘अ‍ॅड’, ‘पायथन स्क्रिप्ट बटण’. नेममध्ये जागा न सोडता एक शब्द, लेबलमध्ये बटणावर दिसायचे ते, आणि खालच्या मोठ्या चौकटीत कोड. ओके, डन. बटण त्या नोडबरोबर शॉटच्या फाइलमध्ये सेव्ह होते, नोड कॉपी केला की कोडही बरोबर जातो.

त्या कोडमध्ये नोडचा उल्लेख ‘न्यूक.धिसनोड()’ने करा, ‘सिलेक्टेडनोड()’ने नाही. पॅनेल उघडे असते म्हणजे नोड निवडलेला असतोच असे नाही. कोणी ग्राफमध्ये रिकाम्या जागी क्लिक करून मग बटण दाबले की ‘नो नोड सिलेक्टेड’ येते, आणि तुमच्याकडे तपासताना ते कधीच येत नाही, कारण तुम्ही नोडवर डबल-क्लिक करूनच पॅनेल उघडता.

कोड दहा-पंधरा ओळींच्या आत ठेवा. सेव्ह होताना त्यातल्या अवतरणांपुढे उलट्या रेघा घातल्या जातात आणि सगळे एका ओळीत दाटते. टेक्स्ट एडिटरमध्ये नंतर ते उलगडणे डोक्याला ताप आहे. आणि एक अडचण सुटत नाही. चाळीस शॉटमध्ये बटण वाटले आणि चूक सापडली तर चाळीस फाइली उघडाव्या लागतात. म्हणून घरातल्या वापरासाठी बटणात फक्त सामायिक मॉड्यूलमधल्या फंक्शनची एक ओळ ठेवावी, आणि बाहेर जाणाऱ्या शॉटमध्ये पूर्ण कोड. दोन्ही फायदे एकाच बटणात मिळत नाहीत.

याच्या उलट बाजूकडे फार कोणी बघत नाही. तुम्ही कोड शॉटच्या फाइलमधून पाठवू शकता, तर दुसराही पाठवू शकतो, आणि त्याला बटण दाबण्याचीही वाट पाहावी लागत नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या पायथन टॅबमध्ये ‘ऑन स्क्रिप्ट लोड’ ही जागा आहे. तिथला कोड फाइल उघडताच चालतो. नोडच्या ‘ऑनक्रिएट’ आणि ‘नॉबचेंज्ड’ या नॉबांत बसलेला कोड पॅनेलवर दिसतही नाही. हा कोड तुमच्या खात्याच्या सगळ्या अधिकारांनी चालतो, फाइली पुसण्यासकट. अनोळखी शॉटची फाइल आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा (ती साधी मजकुराची फाइल असते) आणि ही तीन नावे व ‘पायथन’ हा शब्द शोधा. नॉन-कमर्शियल न्यूकची फाइल मात्र एन्क्रिप्ट केलेली असते, ती अशी वाचता येत नाही.

प्रश्न : न्यूक ११ च्या काळात लिहिलेली सात-आठ हत्यारे आहेत. नव्या स्टुडिओत न्यूक १६ आहे आणि एकही चालत नाही. पुन्हा लिहावी लागतील का? (वाचक, व्हँकूव्हर)

पुन्हा लिहावी लागणार नाहीत. न्यूक १२ पर्यंत पायथन २.७ होता. न्यूक १३ मध्ये ३.७ आला, १४ मध्ये ३.९, १५ मध्ये ३.१० आणि १६ मध्ये ३.११. मोठी उडी १३ ची आहे, तिथपर्यंत पोहोचलात की पुढे फक्त खिडक्यांचा प्रश्न उरतो.

‘प्रिंट’ला कंस, ‘इटरआयटम्स’च्या जागी ‘आयटम्स’, ‘हॅज_की’च्या जागी ‘इन’: हे शोध-बदल करून होते, आणि चुकले तर एरर लगेच ओरडते. त्रास भागाकाराचा. पायथन २ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथन ३ मध्ये २.५. दोन नोडांच्या मध्ये तिसरा बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोघांच्या जागांची बेरीज करून तिला २ ने भागलेले असते. आता उत्तर अपूर्णांकाच्या प्रकारात येते आणि ‘सेटएक्सवायपॉस’ पूर्णांक मागतो, म्हणून टाइप एरर. भागाकाराची रेघ दोनदा द्या. फ्रेमचे आकडे मोजणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तर एररही येत नाही, फ्रेमच्या नावात ‘.०’ घुसते. म्हणून भागाकाराची प्रत्येक रेघ डोळ्यांखालून घाला.

खिडक्यांचे (त्या पायसाइड या पायथनच्या लायब्ररीने बनतात): न्यूक ११ ते १५ मध्ये पायसाइड २, न्यूक १६ मध्ये पायसाइड ६. ‘ट्राय’खाली ६ इम्पोर्ट करा, ‘एक्सेप्ट इम्पोर्टएरर’खाली २. ‘क्यूअ‍ॅक्शन’ आता क्यूटीविजेट्समधून क्यूटीजीयूआयमध्ये गेला आहे, आणि ‘एक्झेक’च्या शेवटचा अंडरस्कोअर काढायचा.

पायथन ३ मध्ये मराठीतून कॉमेंट लिहायला सुरुवातीच्या खास ओळीची गरज उरलेली नाही. मात्र मराठी मजकुराची फाइल स्क्रिप्टमधून वाचताना ‘ओपन’ला ‘एन्कोडिंग’ म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट द्या. नाहीतर विंडोज आपल्या जुन्या एन्कोडिंगने वाचू पाहतो आणि शॉटच्या टिपणांतली देवनागरी एक तर कचरा होते किंवा एरर देते.

प्रश्न : माझ्या आज्ञेला ‘बी’ हा शॉर्टकट दिला, आता ब्लर येत नाही. (वाचक, ठाणे)

एका कीवर एकच आज्ञा बसते आणि तुमची नंतर आली. एकटे अक्षर घेऊच नका, कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या पुष्कळ मोकळ्या आहेत. शॉर्टकट फक्त नोड ग्राफवर माउस असतानाच चालावा असे वाटत असेल तर अ‍ॅडकमांडमध्ये ‘शॉर्टकटकॉन्टेक्स्ट=२’ द्या.

प्रश्न : न्यूक परवडत नाही. रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये अशी पक्की जागा कोणती? (वाचक, पणजी)

रिझॉल्व्हच्या सपोर्ट फोल्डरात ‘फ्यूजन’, त्यात ‘स्क्रिप्ट्स’, आणि त्यात ‘कॉम्प’, ‘यूटिलिटी’ अशी फोल्डरे असतात. कॉम्पमधली स्क्रिप्ट फ्यूजनच्या पानावर असतानाच वर्कस्पेसमधल्या स्क्रिप्ट्स मेनूत दिसते, यूटिलिटीतली सगळ्या पानांवर. स्क्रिप्ट टाकली आणि मेनूत नाही, तर आधी पान बघा. लुआ ही भाषा रिझॉल्व्हच्या आतच आहे; पायथन मशीनवर वेगळा बसवावा लागतो, तो नसेल तर पायथनची स्क्रिप्ट चालत नाही. रिझॉल्व्हच्या बाहेरून, दुसऱ्या प्रोग्राममधून त्याला आज्ञा द्यायच्या असतील तर मात्र पैसे देऊन घ्यायची स्टुडिओ आवृत्ती लागते.

आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातली जेएसएक्स फाइल फाइल मेनूतल्या स्क्रिप्ट्समध्ये दिसते. तिच्या आतल्या ‘स्क्रिप्टयूआय पॅनेल्स’ फोल्डरात टाकली तर विंडो मेनूत येते आणि इतर पॅनेलांसारखी डॉक होते. टाकल्यावर आफ्टर इफेक्ट्स बंद करून उघडा. फाइल लिहिणारी किंवा नेटवर जाणारी स्क्रिप्ट असेल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘स्क्रिप्टिंग अँड एक्स्प्रेशन्स’मध्ये तशी परवानगी द्यावी लागते. ती मुळात बंद असते, आणि अनोळखी स्क्रिप्टसाठी ती चालू करण्याआधी वर कोल्हापूरच्या पत्राला दिलेल्या उत्तराचा शेवटचा परिच्छेद वाचा.